‘अजून’ म्हणजे नेहमी ‘येट’ नव्हे: एका छोट्या इंग्रजी शब्दाची वापरपद्धत

क्रिकेटचा धावफलक पाहा. डाव चालू असताना ज्यांची फलंदाजी आलेली नाही, त्यांच्या नावांआधी ‘येट टू बॅट’ असं लिहिलेलं असतं. डाव संपला की तेच खेळाडू ‘डिड नॉट बॅट’च्या रांगेत जातात. दोन्ही वेळा ते तंबूतच बसलेले असतात, एकही चेंडू खेळलेले नसतात. पण डाव चालू असेपर्यंत त्यांची पाळी येऊ शकते, डाव संपल्यावर नाही. ‘येट’चा अर्थ नेमका इथे आहे: गोष्ट घडलेली नाही, घडेल अशी अपेक्षा आहे आणि तिची मुदत संपलेली नाही.

शाळेत ‘येट म्हणजे अजून’ असं पाठ करून घेतात. वाचताना तेवढ्यावर भागतं. ‘येट’ दिसला की ‘अजून’ लावायचं, बहुतेक वाक्यं कळतात. बोलायची-लिहायची वेळ आली की मात्र गाडी अडते, कारण मराठी ‘अजून’ एकटा तीन शब्दांचं काम करतो आणि ‘येट’ त्यांतला फक्त एक. म्हणून सुरुवात इंग्रजीपासून न करता मराठी वाक्यापासून करू.

पायरी १: तुमचा ‘अजून’ कोणता, ते आधी ठरवा

ही तीन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा.

‘अजून पाऊस पडतोय.’ इंग्रजीत: ‘इट इज स्टिल रेनिंग.’
‘अजून पाऊस पडला नाही.’ इंग्रजीत: ‘इट हॅजन्ट रेन्ड येट.’
‘अजून पाऊस हवा.’ इंग्रजीत: ‘वी नीड मोर रेन.’

पारख सोपी आहे. आधी ‘अजून’च्या जागी ‘आणखी’ घालून बघा. वाक्य सुरळीत वाटलं, तर इंग्रजीत ‘मोर’ किंवा ‘अनदर’ हवं. ‘अजून एक पोळी घ्या’ म्हणजे ‘हॅव वन मोर’. ‘अजून दहा मिनिटं थांबा’ म्हणजे ‘वेट अनदर टेन मिनिट्स’. ‘अजून दोन दिवस लागतील’ म्हणजे ‘इट विल टेक टू मोर डेज’. इथे ‘येट टू डेज’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला काही म्हणजे काही कळणार नाही.

‘आणखी’ बसत नसेल, तर क्रियापदाकडे पाहा. क्रियापद होकारार्थी असेल तर ‘स्टिल’, ‘नाही’ असेल तर ‘येट’. ‘ती अजून त्याच ऑफिसात आहे’ याला ‘शी इज स्टिल इन द सेम ऑफिस’. ‘ती अजून ऑफिसातून आली नाही’ याला ‘शी हॅजन्ट कम बॅक फ्रॉम द ऑफिस येट’. ‘अजून वेळ आहे’ याला ‘देअर इज स्टिल टाइम’, आणि ‘अजून वेळ झाली नाही’ याला ‘इट इजन्ट टाइम येट’.

मराठी माणसाच्या तोंडी सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक याच पायरीवर होते: ‘आय ॲम येट वर्किंग इन पुणे.’ सांगायचं असतं ‘मी अजून पुण्यातच नोकरी करतोय’. क्रियापद होकारार्थी, म्हणजे ‘स्टिल’ हवं: ‘आय ॲम स्टिल वर्किंग इन पुणे.’ होकारार्थी वाक्यातला ‘येट’ जुन्या इंग्रजीत चालत असे. १६११ सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘येट अ लिटल व्हाइल’, म्हणजे ‘अजून थोडाच वेळ’, असा प्रयोग सापडतो. आज तो ‘देअर इज होप येट’सारख्या मोजक्या ठरीव वाक्यांत उरला आहे. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

पायरी २: नकारार्थी वाक्य बांधा

साचा असा: कर्ता, मग ‘हॅवन्ट’ किंवा ‘हॅजन्ट’, मग क्रियापदाचं तिसरं रूप, मग कर्म आणि बाकीचे शब्द, आणि सर्वांत शेवटी ‘येट’.

‘मी विजेचं बिल अजून भरलं नाही’ हे वाक्य घेऊ. कर्ता ‘आय’. त्याच्यापुढे ‘हॅवन्ट’. ‘पे’चं तिसरं रूप ‘पेड’. काय भरलं नाही? ‘द इलेक्ट्रिसिटी बिल’. आता शेवटी ‘येट’. झालं वाक्य: ‘आय हॅवन्ट पेड द इलेक्ट्रिसिटी बिल येट.’

गडबड होते ती ‘येट’ची जागा चुकल्यामुळे. ‘आय हॅवन्ट पेड येट द बिल’ हे चुकीचं, कारण इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये असं क्रियाविशेषण घुसवत नाहीत. मराठीत ‘अजून’ कुठेही फिरतो: ‘अजून मी बिल भरलं नाही’, ‘मी अजून बिल भरलं नाही’, ‘मी बिल अजून भरलं नाही’, ‘बिल भरलं नाही मी अजून’. ही मुभा ‘येट’ला नाही. त्याला दोनच जागा: वाक्याचा शेवट, नाहीतर ‘नॉट’च्या लगेच नंतर. ही दुसरी जागा पत्रव्यवहाराची. ‘द कमिटी हॅज नॉट येट टेकन अ डिसिजन’ हे मराठीतल्या ‘समितीने अद्याप निर्णय घेतलेला नाही’ याच थाटाचं वाक्य आहे. ‘अद्याप’ जिथे शोभतो तिथे ‘नॉट येट’ची जोडी लावा, आणि ‘अजून’ जिथे सहज येतो तिथे शेवटचा ‘येट’. घरात ‘अद्याप भात झालेला नाही’ कोणी म्हणत नाही, तसंच हे.

वाक्य लांब असेल, तर शेवट म्हणजे नेमका कुठला शेवट, हा प्रश्न येतो. ‘तो येणार की नाही, मला अजून माहीत नाही’ याचं इंग्रजी ‘आय डोन्ट नो येट वेदर ही इज कमिंग’. इथे ‘येट’ हा ‘नो’ला चिकटून हवा, कारण ‘अजून’ माहीत नसण्याबद्दल आहे. तो टोकाला गेला की पुढच्या क्रियापदाला चिकटतो: ‘आय डोन्ट नो वेदर ही हॅज कम येट’ या वाक्यात ‘येट’ येण्याबद्दल आहे, आणि अर्थ ‘तो आलाय की नाही, मला माहीत नाही’ असा होतो. तेव्हा ‘येट’ ज्या क्रियापदाचा, त्याच्याच उपवाक्याच्या शेवटी ठेवा.

काळाबद्दल. ‘हॅव’चा पूर्ण वर्तमानकाळ हा ‘येट’चा नेहमीचा सोबती, पण एकमेव नव्हे. ‘आय डोन्ट नो येट’, ‘ही इजन्ट हिअर येट’, ‘द बेबी कान्ट वॉक येट’ ही सगळी बरोबर. गोष्ट सांगताना भूतकाळही चालतो: ‘व्हेन आय लेफ्ट, द बस हॅडन्ट कम येट’, म्हणजे मी निघालो तेव्हा बस अजून आली नव्हती. चालत नाही ते एवढंच, की संपलेला वेळ आणि ‘येट’ यांना एकत्र बांधणं. ‘आय हॅवन्ट पेड द बिल यस्टर्डे येट’ हे दुहेरी चुकलेलं वाक्य आहे: ‘यस्टर्डे’ संपलेला दिवस, तो ना ‘हॅवन्ट’बरोबर बसत, ना ‘येट’बरोबर.

अमेरिकेत राहणाऱ्यांच्या कानावर ‘आय डिडन्ट ईट येट’, ‘डिड यू कॉल हिम येट?’ असा साधा भूतकाळ सर्रास पडतो. तिथल्या बोलण्यात तो चुकीचा मानत नाहीत. भरभर बोलताना ‘डिड यू ईट येट?’चं ‘जीट येट?’ होतं, हेही ऐकायची तयारी असावी. पण भारतातल्या परीक्षा ब्रिटिश वळणाच्या व्याकरणावर चालतात. तिथे, आणि कुठल्याही औपचारिक पत्रात, ‘हॅव’चाच वापर करा.

एक प्रकार मराठीच्या बाजूने लपून राहतो. ‘डोन्ट गो येट’ याचं भाषांतर ‘अजून जाऊ नका’ असं केलं तर ते कोणाच्या तोंडचं वाटत नाही. आपण म्हणतो ‘एवढ्यात जाऊ नका’, ‘इतक्यात कुठे निघालात?’ म्हणजे आज्ञेत आणि विनंतीत ‘एवढ्यात नको’ हे ‘येट’चं मराठी रूप आहे. ‘एवढ्यात कोणाला सांगू नकोस’ म्हणजे ‘डोन्ट टेल एनीवन येट’. ‘इतक्यात गॅस बंद करू नकोस’ म्हणजे ‘डोन्ट टर्न ऑफ द गॅस येट’. ज्याला हे कळलं त्याच्या बोलण्यात ‘येट’ दुपटीने येऊ लागतो, कारण ‘एवढ्यात’साठी इंग्रजी शब्द शोधताना बहुतेक जण ‘सो सून’ किंवा ‘नाऊ’वर अडकलेले असतात.

पायरी ३: प्रश्न विचारा, आणि कधी विचारू नये तेही पाहा

प्रश्नातल्या ‘येट’ला मराठीत बहुधा शब्दच नसतो. दुपारी दोन वाजता कोणी विचारतं, ‘जेवलास का?’ वाक्यात ‘अजून’ नाही, ‘आतापर्यंत’ नाही. पण दोन वाजले आहेत, एव्हाना जेवण व्हायला हवं, हे विचारणाऱ्याच्या मनात असतं. ते मनातलं इंग्रजी वाक्यात ‘येट’ होऊन उतरतं: ‘हॅव यू ईटन येट?’ ‘पैसे आले का?’ म्हणजे ‘हॅज द मनी कम येट?’ ‘निकाल लागला का?’ म्हणजे ‘आर द रिझल्ट्स आउट येट?’

मराठी वाक्यात शब्दच नसल्यामुळे आपण तो इंग्रजीतही गाळतो. ‘हॅव यू ईटन?’ ही चूक नाही, पण वाट पाहण्याचा सूर त्यातून जातो. उलटी चूक जास्त खटकते: जिथे अपेक्षाच नाही तिथे ‘येट’ लावणं. आग्र्याला सहलीला आलेल्या पाहुण्याला ‘हॅव यू सीन द ताजमहाल येट?’ हे अगदी रास्त, तो त्यासाठीच आला आहे. पण सहज गप्पांत, ‘तुम्ही कधी ताजमहाल पाहिलाय का?’ असं विचारायचं असेल तर तिथे ‘एव्हर’ हवा: ‘हॅव यू एव्हर सीन द ताजमहाल?’ तिथे ‘येट’ लावला तर समोरच्याला वाटेल, आपण पाहायला हवा होता आणि राहून गेला.

‘ऑलरेडी’ आपण मराठीतही वापरतो, ‘मी ऑलरेडी सांगितलंय’ म्हणतो, म्हणून तो ओळखीचा वाटतो. प्रश्नात मात्र तो वेगळंच सांगतो. ‘हॅव यू फिनिश्ड येट?’ म्हणजे ‘झालं का?’ विचारणाऱ्याला उत्तर माहीत नाही. ‘हॅव यू फिनिश्ड ऑलरेडी?’ म्हणजे ‘झालंसुद्धा? इतक्या लवकर?’ विचारणाऱ्याला झालेलं दिसतंय आणि नवल वाटतंय. मुलाने अर्ध्या तासात गृहपाठ संपवला तर ‘ऑलरेडी’, दोन तास नुसती वही उघडून बसला असेल तर ‘येट’.

‘येट’ अपेक्षा दाखवतो, म्हणून तो तगादाही होऊ शकतो. साहेबांना ‘सर, हॅव यू साइन्ड द फॉर्म येट?’ असं लिहिलं, तर व्याकरण शंभर टक्के बरोबर आणि सूर मात्र ‘सही केलीत की नाही एकदाची?’ असा. वरिष्ठ, ग्राहक, अनोळखी माणूस यांना विचारताना ‘येट’ काढा आणि वाक्य वळवा: ‘हॅव यू हॅड अ चान्स टू साइन द फॉर्म?’ म्हणजे सही करायला सवड झाली का. बरोबरीच्या सहकाऱ्याला, मित्राला, घरच्यांना ‘येट’ खुशाल विचारा.

पायरी ४: उत्तर द्या. इथे ‘हो’ घात करतो

‘हॅव यू ईटन येट?’ याला दोन सरळ उत्तरं: ‘येस, आय हॅव’ किंवा ‘नो, नॉट येट’. ‘येस, आय हॅव ईटन येट’ हे उत्तर होत नाही. काम झालं की ‘येट’चा संबंध संपला. फार तर ‘येस, आय हॅव ऑलरेडी ईटन’ म्हणा.

खरी अडचण नकारार्थी प्रश्नाची. मराठीत विचारलं, ‘अजून जेवला नाहीस?’ जेवलो नसलो तर आपण म्हणतो, ‘हो ना, नाही जेवलो अजून.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो: तू म्हणतोस ते खरं. इंग्रजीत ‘येस’ किंवा ‘नो’ हे प्रत्यक्ष घडण्यावर ठरतं, प्रश्न होकारार्थी असो की नकारार्थी. जेवलो नाही, तर ‘नो’. जेवलो, तर ‘येस’. बस्स.

आता बँकेच्या ग्राहक सेवेच्या फोनवर हाच प्रकार कसा होतो पाहा. पलीकडून प्रश्न येतो, ‘हॅवन्ट यू रिसीव्ड द ओटीपी येट?’ ओटीपी आलेला नाही. आपल्या मनात ‘हो, नाही आला’ असं वाक्य तयार होतं आणि तोंडून निघतं ‘येस’. पलीकडच्याने ऐकलं, आला. तो म्हणतो, ‘प्लीज एंटर इट.’ मग दोन मिनिटं दोघेही एकमेकांवर वैतागलेले. यावर उपाय म्हणजे एका शब्दात उत्तर द्यायचंच नाही. ‘नो, आय हॅवन्ट रिसीव्ड इट येट’ असं अख्खं वाक्य म्हणा. सुरुवातीचा ‘नो’ चुकून ‘येस’ झाला, तरी पुढचं ‘हॅवन्ट रिसीव्ड’ बरंचसं सावरून घेतं.

नुसता ‘नो’ आणि ‘नॉट येट’ यांतही अंतर आहे. ‘आर यू मॅरिड?’ याला ‘नो’ म्हणजे नाही, विषय संपला. ‘नॉट येट’ म्हणजे व्हायचंय. परदेशी सहकाऱ्यापुढे दोन्ही चालेल. लग्नघरी इंग्रजी बोलणाऱ्या मावशीपुढे ‘नॉट येट’ म्हणाल तर स्थळं ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

उच्चाराचं थोडक्यात: ‘येट’मधला ए आखूड आहे, ‘येऊ’, ‘येतो’ म्हणताना लांबतो तसा लांबवायचा नाही. ‘हॅव यू ईटन येट?’ मध्ये जोर ‘ईटन’वर, ‘येट’ हलका. ‘नॉट येट’ मध्ये जोर ‘येट’वर. प्रश्नातल्या ‘येट’वर जोर दिला की तो अधीर वाटतो, मग तो प्रश्न न राहता कानउघाडणी होते.

पायरी ५: ‘येट’ आणि ‘स्टिल’ यांतली धार ओळखा

नकारार्थी वाक्यात ‘स्टिल’ येत नाही, असं पहिल्या पायरीवरून वाटेल. येतो, पण रागावून येतो. ‘ही हॅजन्ट कम येट’ म्हणजे तो अजून आला नाही. साधी माहिती. ‘ही स्टिल हॅजन्ट कम’ म्हणजे तो अजूनही आलेला नाही, अजून त्याचा पत्ता नाही. आता हद्द झाली, असं त्यात आहे. मराठीत हे काम ‘अजून’ला ‘ही’ जोडून होतं.

जागा नीट लक्षात ठेवा: ‘स्टिल’ हा ‘हॅजन्ट’च्या आधी. ‘ही हॅजन्ट स्टिल कम’ चुकीचं. ‘स्टिल’ आधी, ‘येट’ शेवटी.

याचा व्यवहारात उपयोग तक्रारीच्या पत्रात होतो. परताव्याची रक्कम आली नाही, तर पहिल्या पत्रात ‘आय हॅवन्ट रिसीव्ड द रिफंड येट’ लिहा. आठवडाभराने दुसरं पत्र पाठवायची वेळ आली, तर ‘आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ड द रिफंड’. वाक्य तितकंच सभ्य, पण वाचणाऱ्याला कळतं की सबुरी संपत आली आहे. पहिल्याच पत्रात ‘स्टिल’ घातला तर पुढच्या पत्रासाठी हातात काही उरत नाही.

याच जागी ‘टिल डेट’बद्दल. ‘टिल डेट आय हॅव नॉट रिसीव्ड’ हे भारतीय कार्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलं जातं आणि इथे सगळ्यांना समजतं. भारताबाहेर त्याजागी ‘टू डेट’ किंवा ‘सो फार’ म्हणतात. बऱ्याचदा मात्र दोन्हींची गरज नसते, शेवटी एक ‘येट’ पुरतो.

आणखी एक जोडी, जिच्यात घोळ झाला तर अर्थ थेट उलटा होतो. ‘ही डझन्ट वर्क हिअर येट’ म्हणजे तो इथे अजून कामाला लागलेला नाही, लागणार आहे. ‘ही डझन्ट वर्क हिअर एनीमोर’ म्हणजे तो आता इथे काम करत नाही, सोडून गेला. मराठीत ‘अजून नाही’ असेल तर ‘येट’, ‘आता नाही’ असेल तर ‘एनीमोर’.

पायरी ६: ‘येट टू’, म्हणजे आपलं ‘-आयचं आहे’

‘पाहुणे यायचेत’, ‘निकाल लागायचाय’, ‘पावती मिळायची आहे’. मराठीतली ही रचना दिसायला होकारार्थी, पण अर्थ ‘आले नाहीत’, ‘लागला नाही’, ‘मिळाली नाही’. इंग्रजीत ‘येट टू’ अगदी असाच वागतो. ‘द गेस्ट्स आर येट टू अराइव्ह.’ ‘द रिझल्ट इज येट टू कम.’ ‘आय हॅव येट टू रिसीव्ह द रिसीट.’ इतकं जुळणारं दुसरं काही या विषयात नाही, म्हणून इथे मराठीवर बिनधास्त विसंबा. ‘-आयचं आहे’ म्हणता येत असेल, तर ‘येट टू’ बसतो.

तरी तीन ठिकाणी ठेच लागते. पहिली, नकार दोनदा घालणं: ‘आय हॅव नॉट येट टू रिसीव्ह.’ नकार ‘येट टू’च्या पोटातच आहे, ‘नॉट’ काढा. दुसरी, ‘टू’नंतर भूतकाळाचं रूप: ‘येट टू रिसीव्ड.’ ‘टू’नंतर मूळ रूपच हवं, ‘रिसीव्ह’. तिसरी, आणि कार्यालयांत सर्वाधिक आढळणारी, ‘बी’ गाळणं. ‘द अमाउंट इज येट टू क्रेडिट’ असं लिहिलं जातं, पण रक्कम स्वतः काही जमा करत नाही, तिला कोणीतरी जमा करतं. म्हणून ‘द अमाउंट इज येट टू बी क्रेडिटेड’. कसोटी मराठीतच आहे: ‘रक्कम जमा व्हायची आहे’, ‘अर्ज तपासला जायचा आहे’ असं ‘होणं’ किंवा ‘जाणं’ आलं, की इंग्रजीत ‘टू बी’ आणि तिसरं रूप. पाहुणे मात्र स्वतःच येतात, त्यांना ‘बी’ नको.

‘इज येट टू’ की ‘हॅव येट टू’? दोन्ही चालतात. कामाच्या तक्त्यात नुसतं ‘येट टू स्टार्ट’ लिहिलं तरी हरकत नाही, रकान्यात पूर्ण वाक्याची अपेक्षा नसते. घरगुती बोलण्यात मात्र ‘आय ॲम येट टू ईट’ हे ‘मी अद्याप भोजन केलेले नाही’ असं ऐकू येतं. तिथे ‘आय हॅवन्ट ईटन येट’ बरं.

कधी कधी ‘हॅव येट टू’ टोमणाही असतो. ‘आय हॅव येट टू मीट अ कॉन्ट्रॅक्टर हू फिनिशेस ऑन टाइम’, म्हणजे वेळेत काम संपवणारा कंत्राटदार मला अजून भेटायचाय. भेटेल अशी आशा बोलणाऱ्याला मुळीच नाही. मराठीतही हे वाक्य तस्सं बसतं, त्यामुळे समजायला अडचण येऊ नये.

पायरी ७: उरलेले ‘येट’, नुसते ओळखण्यापुरते

हे वाचनात भेटतील. वापरायची घाई नको.

‘दिस इज हर बेस्ट परफॉर्मन्स येट’: आतापर्यंतची सर्वांत चांगली. ‘बेस्ट’, ‘बिगेस्ट’ अशा शब्दांबरोबरच हा अर्थ येतो. ‘येट अनदर मीटिंग’: अजून एक बैठक, कपाळाला हात लावून. पहिल्या पायरीत ‘अजून एक’ला ‘येट’ नको म्हटलं, त्याला हा एक अपवाद, आणि तो वैतागाचाच. ‘येट अगेन’ही त्याच जातीचा. ‘वी माइट येट विन’: अजूनही जिंकू शकू. ‘ॲज येट’: ‘अद्यापपर्यंत’, तोही नकाराबरोबर.

शेवटचा थोडा वेगळा. ‘ही इज रिच, येट ही ट्रॅव्हल्स बाय बस.’ हा काळाचा ‘येट’ नव्हे, उभयान्वयी ‘येट’, म्हणजे ‘तरी’. ओळखायची खूण त्याची जागा. दोन वाक्यांच्या सांध्यावर, बहुधा स्वल्पविरामानंतर असेल तर ‘तरी’. वाक्याच्या टोकाला असेल तर ‘अजून’. ‘जरी… तरी’च्या सवयीने आपण ‘दो ही इज रिच, येट ही ट्रॅव्हल्स बाय बस’ असे दोन्ही शब्द घालतो. जुन्या व्याकरणांत ही जोडी शिकवली जायची, त्यामुळे जुन्या वळणाच्या शिक्षकांना ती खटकत नाही. आजच्या लेखनात दोहोंपैकी एकच ठेवतात.

पायरी ८: हात बसवा

खालची वाक्यं इंग्रजीत करा. उत्तरं झाकून ठेवा आणि आधी प्रत्येकातला ‘अजून’ कोणता ते ठरवा.

१. अजून अंधार आहे.
२. अजून सूर्य उगवला नाही.
३. अजून थोडी साखर घाल.
४. इतक्यात फोन ठेवू नका.
५. पार्सल पाठवलं जायचंय.
६. आईचा फोन आला का? (सकाळपासून वाट पाहताय.)
७. तू अजून झोपला नाहीस?

उत्तरं. पहिलं होकारार्थी: ‘इट इज स्टिल डार्क.’ दुसरं नकारार्थी: ‘द सन हॅजन्ट राइझन येट.’ तिसऱ्यात ‘आणखी’ बसतं: ‘ॲड अ लिटल मोर शुगर.’ चौथा ‘एवढ्यात नको’चा प्रकार: ‘डोन्ट हँग अप येट.’ पाचव्यात ‘पाठवलं जाणं’ आहे, म्हणून ‘बी’ आलाच पाहिजे: ‘द पार्सल इज येट टू बी सेंट.’ सहाव्यात मराठीत शब्द नाही, पण अपेक्षा आहे: ‘हॅज आई कॉल्ड येट?’

सातव्यात बहुतेक जण ‘हॅवन्ट यू स्लेप्ट येट?’ लिहितील. आपल्या नियमाने ते बरोबर आहे, व्याकरणातही चूक नाही. पण रात्री एक वाजता खोलीतला दिवा पाहून इंग्रजी बोलणारा माणूस असं म्हणत नाही. तो न झोपण्याबद्दल विचारत नाही, जागं असण्याबद्दल विचारतो: ‘आर यू स्टिल अप?’ वाक्य होकारार्थी झालं, म्हणून ‘येट’ जाऊन ‘स्टिल’ आला. ‘अजून गेला नाहीस?’ हेही तसंच, ‘आर यू स्टिल हिअर?’ मात्र हे दुसरं वाक्य पाहुण्यांना म्हणू नका.